शिवारातली प्राध्यापकी

नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले, असे आपण सारे शिकलो. कुसुमाग्रजांच्या कवितेने ही खिंड महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावी आज प्रतापरावांचे स्मारक आहे, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेले कोलेकर महाविद्यालयही आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन स्मारकापर्यंत जाणे मुळीच अवघड नाही. तिथे पोचल्यावर प्राध्यापकाने काय करायचे, हे अवघड आहे.

वर्गातलेच व्याख्यान उन्हात उभे राहून दिले तर फक्त जागा बदलते. त्याऐवजी मुलांच्या हाती काही कागद ठेवता येतात. सभासदाच्या बखरीतला मजकूर, त्याच वर्षीच्या इंग्रजी पत्रव्यवहारातला दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेचा उल्लेख, आणि प्रतापरावांच्या साथीदारांची म्हणून सांगितली जाणारी सहा नावे. मग विचारायचे, यातले त्या काळचे काय आणि मागाहून आलेले काय? वाट पावलांनी मोजा. इथून किती घोडी एका रांगेत जातील? सहा नावे प्रथम कुठे लिहिलेली सापडतात? गावातली वडीलधारी माणसे काय सांगतात, आणि ते त्यांनी कोणाकडून ऐकले? संध्याकाळी परतल्यावर प्रत्येकाने सांगायचे की सकाळी आपण काय धरून चाललो होतो आणि आता काय वाटते. हे शेवटचे बोलणे झाले नाही तर दिवसभराची ती सहलच ठरते.

असे शिकवणे अंगी आपोआप येत नाही. ज्याने स्वतः पहिलीपासून एम.ए.पर्यंत फक्त व्याख्याने ऐकली, नोट्स लिहिल्या आणि परीक्षा दिल्या, तो प्राध्यापक झाल्यावर तेच पुढे चालवणार. आता मात्र त्याची सुटका नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने 2023 मध्ये पदवीच्या श्रेयांकांचा जो आराखडा ठरवला, त्यात क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, यांना श्रेयांक दिले. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून हे सुरू झाले. विद्यार्थ्याला अनुभवातून शिकवायचे तर प्राध्यापकाला आधी तयार करावे लागणार, म्हणून कार्यशाळांचा आणि एफडीपींचा, म्हणजे प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षणवर्गांचा, सपाटा सुरू आहे. ही गोष्ट नवी असल्यासारखी तिथे मांडली जाते. तिचे कूळ मात्र जुने आहे आणि त्याची एक ठळक शाखा नेसरीच्या शेजारच्याच तालुक्यांत रुजलेली आहे. ती इथल्या प्राध्यापकांना ठाऊक असायलाच हवी.

या कुळाचा भारतातला मूळपुरुष वर्ध्याचा. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी तिथल्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताने करायच्या उत्पादक कामातून सगळे विषय शिकवावेत, हा विचार तिथे पुढे आला. त्याचा अभ्यासक्रम बनवण्याची जबाबदारी झाकिर हुसेन यांच्या समितीवर आली. नई तालीम या नावाने ओळखली गेलेली ही पद्धत मुख्यतः शाळेसाठी होती. तिची खरी अडचण पहिल्या दिवसापासून शिक्षकाची होती. सूत कातता कातता गणित आणि भूगोल शिकवायचा तर दोन्हीत हात बसलेला माणूस हवा, आणि तसा माणूस तयार करणारी शाळा कुठेच नव्हती.

महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर हा विचार आला तो 1948 मध्ये नेमलेल्या राधाकृष्णन आयोगामुळे. झाकिर हुसेन या आयोगाचे सदस्य होते. आणखी एक सदस्य होते आर्थर मॉर्गन. धरणे बांधणारा हा अमेरिकी इंजिनिअर 1920 मध्ये ओहायो राज्यातल्या अँटिऑक कॉलेजचा प्रमुख झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने तिथे काही आठवडे वर्ग, काही आठवडे बाहेर पगारी काम अशी आलटून पालटून चालणारी पद्धत आणली. मुळात ती त्याच राज्यातल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये इंजिनिअरिंगसाठी सुरू केली होती. मॉर्गन यांनी ती साहित्य आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही लावली. आज ज्याला आपण ओजेटी म्हणतो त्याचे हे पणजोबा. आयोगाच्या 1949 च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वर्ध्याची आणि ओहायोची अशा दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत 5 सप्टेंबर 1907 रोजी विठ्ठल हरी घोटगे यांचा जन्म झाला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी घेतलेले जयंत पांडुरंग नाईक हे नाव पुढे कायमचे झाले. जे. पी. नाईक म्हणून जग त्यांना ओळखते. युनेस्कोने जगातल्या शंभर शिक्षणचिंतकांची चरित्रे छापली, तेव्हा गांधीजी आणि रवींद्रनाथांसोबत त्यात नाईक होते. बहिरेवाडीचे नाव घेताना या भागातल्या माणसाची मान ताठ व्हायला हरकत नाही. सय्यद नुरुल्लांबरोबर त्यांनी लिहिलेला ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास 1943 मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याच्या कितीतरी आधी ते धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले होते. शाळा, आरोग्य आणि रस्ते ही कामे त्यांनी तिथे एकत्रच हाती घेतली. खेड्यातले शिक्षण खेड्याच्या बाकी जगण्यापासून तोडता येत नाही, ही त्यांची समजूत त्या कामातून पक्की झाली.

1947 मध्ये भुदरगड तालुक्यात, वेदगंगेकाठच्या गारगोटीत, श्री मौनी विद्यापीठ उभे राहिले. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचे, ज्यांच्या दर्शनाला शिवाजी महाराज गेले होते. या उभारणीमागे नाईक होते. शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांनीही गारगोटीत काम केले. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतच्या संस्था एकाच आवारात आणि आजूबाजूचा तालुका हाच कामाचा मुलूख, अशी ती कल्पना होती. माझ्या मते मराठी मुलखातला हा सर्वांत धाडसी शैक्षणिक प्रयोग आहे आणि त्याची पुरेशी चर्चा कधीच झाली नाही. गारगोटी हे काही बडे शहर नव्हते, तरी विद्यापीठ या शब्दाला साजेसे काम तिथे होऊ शकते, असे मानणारी माणसे तिथे होती.

के. एल. श्रीमाळी यांच्या समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने 1956 पासून देशात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था सुरू केल्या. श्रीनिकेतन, गांधीग्राम, दिल्लीची जामिया यांच्या पंक्तीला गारगोटी बसले, आणि विदर्भातून अमरावती. तीन वर्षांचा ग्रामसेवा डिप्लोमा हा तिथला मुख्य अभ्यासक्रम. शिकवणे, संशोधन आणि गावात जाऊन केलेले विस्तारकार्य ही तीनही कामे संस्थेची, म्हणजेच अध्यापकाची मानली होती. विद्यार्थी गावात जाणार तर अध्यापकही जाणार. गावातल्या माणसांचे प्रश्न ऐकून त्याला आपला विषय पुन्हा नव्याने मांडावा लागणार. अध्यापकाच्या प्रशिक्षणाचे वेगळे नाव तिथे नव्हते, कारण त्याच्या नोकरीतच ते होते. आजच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा ही व्यवस्था मला अधिक खरी वाटते.

ती टिकली नाही. डिप्लोमाला पदवीची बरोबरी कागदावर दिली गेली, पण नोकरीच्या बाजारात पदवीचा भाव वेगळा. विद्यार्थ्यांना आणि पालकांना बी.ए. हवे होते. खेड्यातल्या मुलाने खेड्यासाठीचेच शिकावे आणि शहरातल्याने खरी पदवी घ्यावी, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. हळूहळू या संस्था नेहमीच्या विद्यापीठांच्या चाकोरीत आल्या. गांधीग्रामला 1976 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गारगोटीत आजही एक पॉलिटेक्निक आहे, ज्याच्या नावात सिव्हिलबरोबर रूरल इंजिनिअरिंग हे शब्द कायम आहेत. इंजिनिअर व्हायला तिथे गेलेल्या शेकडो मुलांना त्या शब्दांची कुळी कोणी सांगितली असेल का, शंका आहे.

नाईक मात्र थांबले नव्हते. 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव ते होते. शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर कार्यानुभव आणि समाजसेवा हवी, ही आयोगाची शिफारस वाचताना गारगोटी आठवल्यावाचून राहत नाही. तिचे एक फळ म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. महाराष्ट्रात एनएसएस म्हटले की हेच श्रमसंस्कार शिबिर डोळ्यांसमोर येते. बंधारा, शोषखड्डे, प्रभातफेरी, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य.

या योजनेने प्राध्यापकाला एक नवी भूमिका दिली, कार्यक्रम अधिकारी. आणि त्याच्यासाठी प्रशिक्षण सक्तीचे केले. त्यासाठी खास केंद्रे निघाली. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि अहमदनगर कॉलेज ही आपल्याकडची. भारतीय प्राध्यापकाला वर्गाबाहेर शिकवायला शिकवण्याची ही पहिली मोठी, देशव्यापी व्यवस्था होय. तिची मर्यादाही सांगायला हवी. एनएसएस विषयाबाहेर राहिली. अर्थशास्त्राचा प्राध्यापक शिबिरात मुलांबरोबर घमेली उचलायचा आणि सोमवारी वर्गात येऊन मागणीचा नियम फळ्यावर पूर्वीसारखाच शिकवायचा. गावातल्या दूध संस्थेचे हिशेब आणि तो नियम यांची भेट झाली नाही.

ही भेट कशी घडवायची, यावर जगात त्याच्या कितीतरी आधीपासून वेगळे काम चालले होते. 1946 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कनेटिकट राज्यात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची आणि शिक्षकांची एक कार्यशाळा घेतली. दिवसभराच्या गटकामाची निरीक्षणे संशोधक संध्याकाळी आपापसांत ताडून पाहत. काही प्रशिक्षणार्थींनी आम्हीही बसू का, असे विचारले. लेविन यांनी होकार दिला. आपण सकाळी कसे वागलो यावरची चर्चा ऐकताना ती माणसे मध्येच बोलू लागली, वाद घालू लागली, आणि दिवसभरात शिकली नव्हती इतकी त्या तासाभरात शिकली. अनुभव घेणे आणि त्या अनुभवाकडे इतरांसोबत मागे वळून पाहणे, ही जोडी तिथे हाती लागली. डेव्हिड कोल्ब यांनी 1984 च्या पुस्तकात हेच सूत्र चार टप्प्यांच्या चक्रात बसवले: अनुभव, चिंतन, त्यातून निघालेली संकल्पना, आणि तिचा पुन्हा प्रत्यक्षात पडताळा. आज एफडीपीच्या पडद्यावर हे चक्र हमखास दिसते. ज्या सभागृहात ते दाखवले जाते तिथे श्रोते मात्र सहसा रांगांत बसलेले असतात.

असे का झाले, याचे उत्तर 1987 मध्ये आहे. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 48 ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शब्द तेव्हापासून प्राध्यापकांच्या घरातल्या मुलांनाही पाठ झाले. हे पाऊल योग्यच होते, कारण तोवर कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय माणूस थेट फळ्यासमोर उभा राहत असे. पण कोर्स केला तर वरची वेतनश्रेणी, अशी गाठ बसली आणि प्रमाणपत्राला शिकण्यापेक्षा अधिक वजन आले. पुढे या केंद्रांची नावे बदलली. मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, आता ती मालवीय मिशनची प्रशिक्षण केंद्रे आहेत. पद्धत बरीचशी तीच राहिली: एकामागून एक तज्ज्ञ आणि त्यांची व्याख्याने.

गारगोटीची शाखा मात्र खुंटलेली नाही. ग्रामीण उच्च शिक्षणाचा विचार पुढे नेण्यासाठी 1995 मध्ये हैदराबादला एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण शिक्षण परिषद या आजच्या नावाने ती देशभर प्राध्यापकांसाठी नई तालीम आणि अनुभवाधिष्ठित शिक्षणाच्या कार्यशाळा घेते. महाराष्ट्रात त्याहून मोलाचे मला वाटते ते उन्नत महाराष्ट्र अभियान. आयआयटी मुंबईच्या, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सितारा केंद्राचा अनुभव घेऊन 2016 मध्ये ते सुरू झाले. पाणीपुरवठा योजना का बंद पडली, एसटीचे वेळापत्रक मुलींच्या शिक्षणाला कसे आड येते, असे जिल्ह्यातले खरे प्रश्न इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसह अभ्यासायचे, हा त्याचा गाभा. इथे प्राध्यापक विषय सोडून गावात जात नाही, विषय घेऊन जातो. एनएसएसमध्ये जे राहून गेले होते ते इथे सापडते.

हे कला आणि वाणिज्य शाखांत आणणे का होऊ नये? नेसरी, आजरा, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात काजूप्रक्रिया आहे, साखर कारखाने आहेत, दूध संस्था आहेत, भौगोलिक मानांकन मिळालेला आजरा घनसाळ तांदूळ आहे, घटप्रभेचे पाणी आहे, कन्नडची सरहद्द आहे आणि मुंबईकडे कामाला गेलेली माणसे आहेत. वाणिज्य, भूगोल, समाजशास्त्र, भाषा, इतिहास या सर्वांना पुरून उरेल एवढा अभ्यासक्रम दारात पडून आहे.

शिवाजी विद्यापीठाला आणि या भागातल्या संस्थाचालकांना म्हणून तीन मागण्या आहेत. प्राध्यापकांचे पुढचे प्रशिक्षण सभागृहात न घेता एखाद्या गावात घ्या, तिथे प्रत्येकाला आपल्या विषयातला एक प्रश्न आठवडाभर हाताळू द्या आणि रोज संध्याकाळी त्यावर सहकाऱ्यांसमोर बोलायला लावा. विद्यार्थ्यांसोबत बाहेर घालवलेले तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरा. आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकांना, ज्यांच्यावर आज कितीतरी महाविद्यालयांचे वर्ग चालतात, अशा दिवसांचेही मानधन द्या. घेतलेल्या तासाचेच पैसे मिळणाऱ्या माणसाकडून शिवारातल्या दिवसाची अपेक्षा करणे अन्याय आहे, आणि तो दूर केल्याशिवाय क्षेत्रप्रकल्पाचे श्रेयांक कागदावरच राहतील.