महाभारताच्या संशोधित आवृत्तीची कार्यपद्धति

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या आवृत्तीचा विषय निघाला कीं १९ खंड व १,२५९ पोथ्या हे आंकडे सांगितले जातात. आंकडे खरे आहेत. परंतु ज्या बदलामुळें हें काम मार्गाला लागलें, त्याची चर्चा पोथ्यांच्या संग्राहकांत व्हावी तितकी झालेली आम्हांस आढळत नाहीं. तो बदल १९२५ सालचा होय.

संस्था १९१७ सालीं निघाली. पुढच्याच वर्षीं औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं या कार्यासाठीं एक लक्ष रुपयांचें अभिवचन दिलें, व १ एप्रिल १९१९ रोजीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्तें आरंभ झाला. उत्गीकर यांनीं १९२३ मध्यें विराटपर्वाची नमुन्यादाखल आवृत्ति छापून ती अभिप्रायार्थ विद्वानांकडे पाठविली. अशा स्थितींत ऑगस्ट १९२५ मध्यें डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे प्रमुख संपादकत्व आलें. त्याच महिन्याच्या २४ तारखेस डॉ. भांडारकर निवर्तले. देणगी स्वीकारलेली, नमुना छापलेला आणि ज्यांच्या शब्दानें वाद मिटावयाचा तो पुरुष गेलेला. अशा वेळीं नव्या माणसानें चालू गाडा तसाच चालूं दिला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता.

सुखठणकरांचें शिक्षण केंब्रिज येथें गणिताचें व बर्लिन येथें ल्यूडर्स यांच्या हाताखालीं संस्कृत भाषाशास्त्राचें. पुढें पुराणवस्तुखात्यांत त्यांनीं नोकरी केली. त्यांनीं सिद्धान्ताइतकेंच लक्ष रोजच्या कामाकडे दिलें. आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं ही रीत वर्णिली आहे. आडव्या-उभ्या रेषांनीं आंखलेल्या फूलस्कॅप कागदाच्या माथ्यावर प्रचलित पाठाचा श्लोक ठळक अक्षरांत लिहावयाचा. खालीं प्रत्येक पोथीस एक ओळ. आणि पाठभेद ज्या अक्षराचा, त्याच्याच खालच्या घरांत नोंदावयाचा. उजवीकडे चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यांसाठीं व अधिक श्लोकांसाठीं राखलेला. मजकूर फारच लांबला तर निराळें शोधपत्र जोडावयाचें. त्यामुळें काम करणारा शास्त्री बदलला तरी नोंद बदलत नसे. पुण्यास न येऊं शकणाऱ्या पोथ्यांसाठीं शांतिनिकेतन व तंजावर येथें ताडून पाहण्याचें काम चालविलें. ज्यानें एक जीर्ण पोथी जरी दुसरीशीं ताडून पाहिली आहे, त्यास या साध्या कागदाची किंमत निराळी सांगावयास नको.

खरा धक्का पुढेंच होता. सुखठणकरांनीं पोथ्या लिपीवरून लाविल्या: शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम इत्यादि. ज्या लिपीचा वाचक एका प्रांतापुरता, तिच्यांतील पाठहि बहुधा त्या प्रांतापुरताच वाढतो. देवनागरी मात्र सर्वत्र वाचली जाते, म्हणून तिच्यांत सर्व प्रांतींचे पाठ मिसळलेले. अर्थात् काश्मीरची शारदा पोथी व केरळची मलयाळम पोथी यांचा जेथें मेळ पडतो, तेथें वीस देवनागरी पोथ्या विरुद्ध असल्या तरी त्यांचें बहुमत चालत नाहीं. आमच्या महाराष्ट्रांतील घराण्यांच्या दप्तरांत महाभारताच्या ज्या पोथ्या निघतात त्यांपैकीं बहुतेक देवनागरी, व कित्येकींत कोपरगांवच्या नीलकंठ चतुर्धरांची टीका. वाडवडिलांनीं रेशमी रुमालांत बांधून ठेविलेली पोथी पाठनिर्णयांत कमी वजनाची ठरावी, हें मान्य करणें सोपें नव्हतें, आजहि नाहीं. आमच्या मतें निर्णय योग्यच होता. पोथीची पूज्यता निराळी व साक्षीची योग्यता निराळी.

याच न्यायानें व्यासांचा लेखक म्हणून गणपति आल्याची कथा आदिपर्वाच्या मूळ संहितेंतून परिशिष्टांत गेली. त्यावर भाविकांनीं नाराज व्हावें हें स्वाभाविक आहे. पण ती कथा कोणी फेंकून दिलेली नाहीं. अधिक ओळी तळटीपांत ताराचिन्ह देऊन व लांब प्रकरणें परिशिष्टांत छापलेलीं असल्यानें, ज्यास संपादकाचा निर्णय पटत नाहीं त्याचा पुरावा त्याच खंडांत आहे. त्याहून आम्हांस मोलाची वाटते ती संहितेंतील शब्दांखालीं येणारी नागमोडी रेघ. पाठ निश्चित नाहीं असें ती सांगते. एवढ्या खर्चाच्या ग्रंथांत संपादकानें आपला संशय शब्दाशब्दाखालीं छापावा, ही गोष्ट त्या काळच्या आमच्या पंडितवर्गास नवीनच होती.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्यें निघाला व पर्व १९३३ मध्यें पुरें झालें. ६० पोथ्यांच्या आधारें सिद्ध केलेल्या या संहितेंत कोणत्याच पोथींत न मिळणारा असा स्वतःच्या तर्काचा पाठ सुखठणकरांनीं अवघ्या ३६ ठिकाणीं घातला. पर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांच्या संग्रहांतील एक फार जुनी पोथी उजेडांत आली. सुखठणकरांनीं ती आपल्या छापील संहितेशीं ताडून पाहिली, आणि तिजविषयींचा लेख संस्थेच्याच नियतकालिकाच्या १९ व्या खंडांत प्रसिद्ध केला. तर्कानें घातलेल्या पाठांपैकीं कित्येक त्या पोथींत अक्षरशः मिळाले. जे मिळाले नाहींत तेहि त्या लेखांत आहेत.