काडतूस, हातभरणीचे
रायफलचे वापरलेले पितळी टरफल साफ करून, मूळ आकारात आणून, नवी टोपी, दारू व गोळी बसवून तयार केलेले काडतूस. स्वस्त कारखानी काडतूस कोणत्याही रायफलीत चालावे असे बनते. त्यात दारूचे वजन आणि गोळीची बैठक किंचित बदलते, त्यामुळे वेग बदलतो आणि लांबच्या निशाण्यावर गोळ्या वर-खाली लागतात. हातभरणीत काडतूस एकाच नळीला जुळवता येते. बचत मात्र बहुधा नावापुरतीच. अवजारे आणि वेळ ती खाऊन टाकतात.

काडतुसापूर्वी प्रत्येक बार हातानेच भरला जाई.

.22 काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच असल्याने त्याची हातभरणी व्यवहार्य नाही. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले त्या 50 मी. रायफल प्रकारात हेच काडतूस वापरतात. तेथे नेमबाज कारखान्याचे निरनिराळे लॉट आपल्या रायफलीवर तपासून सर्वांत जुळणारा विकत घेतात.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 5नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो.