तूर : शेंडे खुडणी

तुरीच्या मुख्य खोडाचा कोवळा शेंडा फुलोऱ्यापूर्वी खुडण्याची मशागत. वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या, सोयाबीनमध्ये तुरीचे तास घेणाऱ्या गावांत तिचे मोल मोठे आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरून पानांच्या बेचक्यातले डोळे दाबून ठेवते. वनस्पतिशास्त्रज्ञ थिमन व स्कूग यांनी 1930च्या दशकात बाकल्याच्या रोपांवर हे दाखवले. शेंडा गेला की डोळे फुटतात. तुरीच्या शेंगा फांद्यांवर लागत असल्याने फांद्या वाढल्या की उत्पन्नाला जागा मिळते. म्हणून पेरणीनंतर साधारण 30 ते 35 दिवसांनी वरचे दोन-तीन बोटे टोक नखाने खुडावे.

मजुरी परवडत नाही, हा आक्षेप सलग तुरीत वजनदार ठरतो. आंतरपिकात झाडे मोजकी असल्याने तो बराच सैल पडतो. खुडल्याने फुलोरा लांबतो, हेही खरे. पण नुकसान होते ते उशिरा खुडल्याने: कळ्या धरल्यावर हात लावला तर फुलेच जातात, आणि हलक्या रानात शेंगा भरेपर्यंत ओल टिकत नाही. तेथे उशीर झाल्यास शेंडा तसाच ठेवावा.