नाटक चौकात का आलं?

प्रायोगिक नाटक म्हटलं की आपल्याला दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आठवतो. 'आविष्कार'नं १९७४ मध्ये तिथं प्रयोग सुरू केले आणि मराठी नाटकात एक चळवळ उभी राहिली, हे खरंच. पण मी पडलो सोलापूरचा. मला त्याच्या तीस वर्षं आधीचा, उघड्यावरचा प्रयोग जास्त जवळचा वाटतो. त्याचा एक धागा आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीतून निघतो.

शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, बार्शीचा. गरिबीत वाढले, गिरणीत राबले, कामगारांच्या लढ्यात तुरुंगात गेले. पुढं मुंबईत अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवलं.

हे लोक मैदानात का उभे राहिले? हौस म्हणून नाही. पाळी करून आलेला गिरणी कामगार तिकीट काढून थिएटरात येणार नव्हता. मग नाटकच त्याच्या चाळीपाशी, त्याच्या सभेत गेलं. आणि जागा बदलली तसं नाटकही बदललं. पडदा गेला, नेपथ्य गेलं. राहिला डफ, तुणतुणं आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज. सांगाडा तमाशाचाच, पण अण्णा भाऊंच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. हा प्रयोग नाही तर काय?

सरकारला हे झोंबलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, कलापथकाच्या कार्यक्रमांवरही गदा आली. मग तोच तमाशा 'लोकनाट्य' या नावानं लोकांपुढं उभा राहिला.

पुढं कोलकात्यात बादल सरकारांनी बंदिस्त रंगमंच सोडला आणि बागेत, गावात नाटक नेलं. दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर या कामगार वस्तीत १ जानेवारी १९८९ ला 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री आणि सहकारी त्याच जागी परत आले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी पूर्ण केला. त्याच जागी, हे महत्त्वाचं.

कारण चौकातल्या नाटकात अर्धी ताकद जागेची असते. हॉलमध्ये बसतो तो ठरवून आलेला प्रेक्षक. चौकात थांबतो तो भाजी घ्यायला निघालेला माणूस. सत्तेला भीती वाटते ती ह्या थांबलेल्या माणसाची.

म्हणूनच परवानगीचा खेळ. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा रद्द व्हायला २०१८ उजाडलं. पण महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळानं तपासायची, ही पद्धत वेगळीच चालत आली. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. उघड्यावर करायचं तर पोलिसांचा दरवाजा आणखी वेगळा.

आता आपल्या गावाकडं बघू. गड्ड्याच्या वेळी अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याभोवती हजारो माणसं उभी असतात. तो धार्मिक विधी आहे, नाटक नव्हे. पण उघड्यावर, तिकिटाशिवाय, खांद्याला खांदा लावून बघायची सवय ह्या शहराला आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, सगळ्या भाषांची माणसं तिथं एकत्र येतात. पथनाट्याला याहून चांगला प्रेक्षक कुठं मिळणार?

गिरण्या गेल्या, त्यांचे गेटही ओस पडले. राहिले ते चौक. १९३१ मध्ये फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळे आपण चौकात उभे केले, हुतात्म्यांच्या नावानं नाट्यगृहही बांधलं. आता महापालिकेनं एवढंच करावं: शहरात एक कट्टा ठरवून द्यावा, जिथं कॉलेजची पोरं फक्त आगाऊ कळवून नाटक करू शकतील. भाडं नको, दहा टेबलांच्या फेऱ्या नकोत.

अमर शेखांच्या जिल्ह्यानं एवढं मागणं जास्त आहे का? तुम्हाला अशी जागा कोणती सुचते, खाली लिहा.