वर्गमूळयुक्त त्रिकोणमितीय समीकरण
कोनाची ज्या किंवा कोज्या वर्गमूळाच्या चिन्हाखाली आली असता होणारे समीकरण. त्याचे सुबोध उदाहरण भारतीय ज्योतिषातील पलभा हे होय. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची (उभ्या काठीची) जी छाया पडते तिला पलभा म्हणतात. यवतमाळ येथे ती सुमारे ४.५ अंगुळे भरते, आणि त्या वेळी सूर्याचे खस्वस्तिकापासूनचे (डोक्यावरील आकाशबिंदूपासूनचे) कोनीय अंतर स्थळाच्या अक्षांशाएवढेच असल्याने एवढ्या एका मापावरून अक्षांश काढता येतात, हे या गणिताचे खरोखर मोठे वैभव आहे.

अक्षांशाची ज्या ‘ज’ मानली, तर कोज्या √(१ − ज²) होते, आणि छाया व शंकू यांच्या गुणोत्तरावरून ४.५√(१ − ज²) = १२ज हे समीकरण सिद्ध होते. दोन्ही बाजूंचा वर्ग करता २०.२५(१ − ज²) = १४४ज²; म्हणून १६४.२५ज² = २०.२५, ज² ≈ ०.१२३३ आणि ज ≈ ±०.३५११. येथे थांबू नये. वर्ग करताना धन-ऋण भेद लोपतो, त्यामुळे प्रत्येक उत्तराची मूळ समीकरणाशी रुजवात घालणे अगत्याचे असते. डावी बाजू ऋण होऊ शकत नाही, सबब ऋण मूल्य त्याज्य ठरते आणि अक्षांश सुमारे २०½° उत्तर येतात.

दोन मुळांतून एक निवडण्याचा असाच प्रसंग ज्येच्या दुसऱ्या एका गणितातही येतो. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या (११५०) ज्योत्पत्ती प्रकरणात १८ अंशांची ज्या दिली आहे. त्रिज्या एक मानल्यास ती (√५ − १)/४ होते. आजच्या रीतीने या ज्येला ‘ज’ मानून ४ज² + २ज − १ = ० सोडविले असता तेथेही दोहोंपैकी धन मूळच ग्राह्य असते.