मोटारगाडीची प्रभारण यंत्रणा

मोटारगाडीची प्रभारण यंत्रणा म्हणजे इंजिन चालू असताना वीज निर्माण करून ती दिवे, वायपर, पंखा, प्रज्वलन आदी भागांना पुरवणारी आणि बॅटरीतून खर्च झालेली वीज तिच्यात परत भरणारी यंत्रणा होय. व्यवहारात तिला ‘चार्जिंग सिस्टीम’ म्हणतात. बॅटरी, अल्टरनेटर, विद्युत् दाब नियंत्रक, पट्टा आणि जोडतारा हे तिचे मुख्य घटक आहेत. यांपैकी कोणताही घटक बिघडला तरी वाहनधारकाला दिसणारे लक्षण बहुधा एकच असते. ते म्हणजे सकाळी गाडी सुरू न होणे. त्यामुळे दोष बॅटरीवर येतो आणि पुष्कळदा ती विनाकारण बदलली जाते. मल्टिमीटरने क्रमाने मापे घेतल्यास खरा दोष बहुतेक वेळा सापडतो आणि हा खर्च टळतो.

घटक व कार्य

सर्वसाधारण मोटारगाडीत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. तिच्यात सहा घट असून पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. इंजिन सुरू करणारी मोटर, म्हणजे बोलीभाषेतील ‘सेल्फ’, काही क्षणांसाठी बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह खेचते. इंजिन सुरू झाल्यावर पट्ट्याच्या साहाय्याने अल्टरनेटर फिरू लागतो. त्यातील रोटरचे चुंबकीय क्षेत्र स्टेटरच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करते. डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि नियंत्रक रोटरचा प्रवाह कमी-अधिक करून दाब ठरावीक मर्यादेत ठेवतो. विद्युत् मोटारगाडीत अल्टरनेटर नसतो; तेथे मुख्य बॅटरीतील उच्च दाब उतरवून लहान १२ व्होल्ट बॅटरी भरली जाते.

इतिहास

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विद्युत् आरंभक मोटर बसवण्यात आली आणि बॅटरी व तिला भरणारे जनित्र मोटारगाडीत रूढ होऊ लागले. आरंभी हे जनित्र डायनॅमो या प्रकारचे असे. इंजिन मंद गतीने चालत असताना डायनॅमो फारच कमी वीज देतो. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यानंतर अल्टरनेटरचा वापर वाढला. क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये व्हॅलियंट या गाडीत तो आणला.

मुंबईत वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या तयार होत. शहराच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये पद्मिनीचा दीर्घकाळ भरणा होता. जुन्या फियाटमध्ये डायनॅमो असे. तो उघडून कार्बन ब्रश बदलणे किंवा आर्मेचर साफ करणे हे काम रस्त्याकडेचा कारागीरही करू शके. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली.

डायनॅमोच्या काळातील एक सवय मात्र मागे राहिली. इंजिन चालू असताना बॅटरीचा तारजोड काढायचा आणि इंजिन चालू राहिले तर चार्जिंग ठीक मानायचे, अशी ती परीक्षा होय. अल्टरनेटर असलेल्या गाडीत ती घातक ठरते. बॅटरी एकाएकी वेगळी झाल्याने दाब क्षणभर कित्येक पटींनी वाढतो आणि त्यामुळे डायोड, नियंत्रक किंवा गाडीतील संगणकीय नियंत्रण-संच जळू शकतो.

बिघाडाची लक्षणे

किल्ली फिरवताच बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागणे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझणे ही निरोगी अवस्था होय. दिवा चालत्या गाडीत लागल्यास प्रभारण थांबल्याची शक्यता असते. दिवे मंद होऊन इंजिनाची गती वाढवताच उजळणे, पट्ट्याचा किंचाळल्यासारखा आवाज आणि तारजोडावर पांढरा-हिरवा क्षार जमणे ही अन्य लक्षणे आहेत. बल्ब वारंवार जाणे किंवा बॅटरीतील पाणी लवकर आटणे हे जादा प्रभारणाचे चिन्ह असू शकते.

तपासणीचा क्रम

प्रथम पट्ट्याचा ताण व भेगा, तारजोडांची घट्टपणा व स्वच्छता आणि फ्यूज पाहावेत. त्यानंतर मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून पुढील तीन मापे घ्यावीत.

१. विश्रांत दाब : गाडी काही तास बंद राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली बॅटरी.

२. आरंभ दाब : सेल्फ मारताना दाब सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. पूर्ण भरलेल्या बॅटरीतही तो त्याहून खाली गेल्यास बॅटरी क्षीण झाल्याचा किंवा सेल्फ जादा प्रवाह खेचत असल्याचा संशय घ्यावा.

३. प्रभारण दाब : इंजिन चालू असताना तो साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट असतो. मोठे दिवे व पंखा लावून इंजिनाची गती किंचित वाढवल्यावरही तो १३ व्होल्टच्या वर जात नसेल तर प्रभारण होत नाही. १५ व्होल्टच्या वर राहत असेल तर नियंत्रक सदोष असू शकतो.

अलीकडच्या अनेक गाड्यांत इंजिनाचा संगणक इंधनबचतीसाठी प्रभारण दाब मुद्दाम कमी-जास्त करतो. अशा गाडीत एकाच मापावरून निष्कर्ष न काढता उत्पादकाच्या सेवापुस्तिकेतील आकडे पाहावे लागतात.

तिसरे माप कमी आल्यावर लगेच अल्टरनेटर बदलणे योग्य नसते. सर्व दिवे लावून अल्टरनेटरचे निर्गम टोक आणि बॅटरीचे धन टोक यांच्यामधील दाबफरक मोजावा. तो ०.३ व्होल्टहून अधिक असल्यास दोष तारेत किंवा जोडात असतो. बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा धातू यांच्यामध्येही असेच मोजून ‘अर्थिंग’ तपासतात. बॅटरीवर प्रत्यावर्ती दाब ०.५ व्होल्टहून अधिक दिसल्यास डायोड निकामी झाल्याची शक्यता असते.

तिन्ही मापे ठीक असूनही बॅटरी उभ्या गाडीत उतरत असेल तर चोरगळती शोधावी. गाडी बंद करून अर्धा तास गेल्यावर तिचा प्रवाह बहुधा ०.०५ अँपिअरच्या आत असतो. नंतर बसवलेले संगीतयंत्र किंवा डिकीतील दिवा ०.५ अँपिअर खेचत राहिल्यास दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते.

बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने तिच्याजवळ ठिणगी किंवा ज्योत नेऊ नये. तारा सोडवताना ऋण टोक आधी व जोडताना शेवटी घ्यावे.

मध्य व दक्षिण मुंबईतील परिस्थिती

गिरगावातील वाड्या किंवा लालबाग-परळच्या चाळी यांच्या परिसरात गाडी अनेक दिवस एकाच जागी उभी राहणे आणि निघाली तरी थोडेच अंतर जाणे हे नित्याचे आहे. कोंडीत इंजिन मंद गतीने चालते तेव्हा अल्टरनेटरची क्षमता कमी असते, तर वातानुकूलन, वायपर व दिवे यांची मागणी कायम राहते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त थर कठीण होत जातो आणि तिची क्षमता घटते. समुद्राकडील खारी दमट हवा तारजोड गंजवते. पावसाळ्यात दादर व परळ यांच्यामधील हिंदमाता परिसरासारख्या सखल भागांत पाणी साचते. अनेक गाड्यांत अल्टरनेटर खालच्या बाजूस असल्याने चिखलपाणी त्याच्या बेअरिंग व ब्रशमध्ये शिरते. पाण्यात बुडालेली गाडी तपासणीपूर्वी सुरू करू नये.

विश्वासार्ह दुरुस्ती व ग्राहकाचे अधिकार

हे काम सामान्य मेकॅनिकपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कक्षेतील आहे. चांगला कारागीर मापे घेतल्याशिवाय भाग बदलण्याचा सल्ला देत नाही, मापे ग्राहकासमोर घेतो व दुरुस्तीनंतर पुन्हा घेऊन दाखवतो. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा, बदललेला भाग पाहण्यास मागावा आणि पावतीवर भागाचे नाव, तारीख व हमीचा काळ नोंदवून घ्यावा. केवळ ब्रश किंवा नियंत्रक बदलून अल्टरनेटर दुरुस्त होतो का, हेही विचारावे. बॅटरीच्या हमीपत्रावर अनुक्रमांक व विक्रीची तारीख असणे आवश्यक असते. जुन्या बॅटरीतील शिशाला किंमत असते. म्हणून ती विक्रेत्याकडे परत देताना तिचे मूल्य बिलातून वजा करून घेता येते. वापरलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार करावी लागते.

मुंबईत १९१९ पासून कार्यरत असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन सभासदांना वाटेत गाडी बंद पडल्यास मदत पुरवते. सदोष भाग वा सेवेबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यातून तोडगा न निघाल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारदाराच्या निवासाच्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होऊ शकते, वकील नेमणे बंधनकारक नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क आकारले जात नाही. अशा वेळी लेखी अंदाज, पावती आणि दुरुस्तीपूर्वीची व नंतरची मापे हाच तक्रारदाराचा मुख्य पुरावा असतो.