रायगडावरील अर्धा बोकड

राज्याभिषेकाच्या प्रसंगी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, त्याने कोणता नजराणा सादर केला आणि तहाची कोणती कलमे पदरात पाडून घेतली, याचा ऊहापोह आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु १६७४ च्या त्या मे-जून महिन्यांत या वकिलाचे व त्याच्या सोबत्यांचे जेवणाखाण्याचे कसे निभावले, हा प्रश्न तहाच्या कलमांपुढे क्षुद्र ठरून मागे राहिला. सुदैवाने कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने, १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात, त्याची नोंद करून ठेवली आहे.

फ्रायर सांगतो की, इथल्या लोकांचे परम आवडीचे अन्न म्हणजे डाळतांदळाची, तुपात शिजविलेली खिचडी. मांसाहाराला सरावलेल्या या व्यापाऱ्यांना ती फार दिवस रुचेना, म्हणून महाराजांच्या कानी गोष्ट घालण्यात आली आणि गडावरच्या मोजक्या मुसलमानांना मांस पुरविणाऱ्या खाटकास हुकूम झाला. रोज अर्धा बोकड खपू लागला. तेव्हा, ज्यांनी आपल्याकडून इतक्या अल्पकाळात कित्येक वर्षांच्या विक्रीहून अधिक मांस घेतले, ते धनी दिसतात तरी कसे, या कुतूहलाने तो वृद्ध खाटीक चढण चढून त्यांच्या दर्शनास गेला! रायगडाची चढण ज्याने ऐन उन्हाळ्यात पायांनी मोजली असेल, त्यालाच या कुतूहलाची किंमत कळेल.

सुरतेच्या वखारीत असा पेच नव्हता. १६८९ मध्ये तेथे आलेला पाद्री ओव्हिंग्टन लिहितो की, मुदपाकखान्यात इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तिन्ही जातींचे आचारी होते. म्हणजे ज्याला परकी चव सोसेल त्याने ती घ्यावी, न सोसेल त्याने आपल्या देशचे भाजलेले मांस खावे. आबदारखान्यात मात्र असा भेद उरला नाही, कारण माणसाची जीभ परक्या पानापेक्षा परक्या पेल्याला लवकर वश होते. अरक, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी यांच्या मिश्रणास हे लोक ‘पंच’ म्हणू लागले. कंपनीच्या चाकरांच्या पत्रव्यवहारात हा शब्द १६३२ सालीच आढळतो, आणि तो आपल्या ‘पाच’ या संख्येवरून आला असे फ्रायरचे मत आहे. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. मला ती पटते.

चहाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. चहा इंग्रजांनी आपल्याला शिकविला, असे आपण बेधडक म्हणतो. पण आसामात मळे उभे राहण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी सुरतेचे वाणी चहा पीत होते, त्यात तिखट मसाले उकळून डोकेदुखीवर व पोटाच्या मुरड्यावर घेत होते, कधी खडीसाखर तर कधी मुरवलेले लिंबू घालीत होते, आणि गोरे पाहुणेही त्याची लज्जत घेत होते, ही साक्ष ओव्हिंग्टनचीच आहे.

आणि ती खिचडी? रायगडावर नकोशी झालेली ही चीज पुढे कंपनीच्या माणसांबरोबरच विलायतेस गेली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात ‘केजरी’ या नावाने तिथल्या प्रतिष्ठित घरांतील न्याहारीच्या मेजावर मानाने बसली. तिच्यात भात, लोणी, धुरी दिलेला मासा आणि उकडलेली अंडी असतात. डाळ बहुधा नसते.